अंगाला न मानवलेलं

दवाखान्यात औषधाची बाटली संपते, किस्से मात्र साठत जातात. निजामी जाऊन चार-दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी गंगाखेडला एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, आणि समजावून सांगण्याची भारी हौस. एकाला मानवणारा घास दुसऱ्याला मानवत नाही, हे ते इतक्यांदा सांगत की मला पाठ झालं होतं. लोकांना मात्र पटत नसे.

पेठेतल्या एका किराणा दुकानदाराचं पोट दूध प्यायलं की बिघडायचं. दोष म्हशीचा, म्हणून ते म्हशी बदलत राहिले. शेवटी नवी म्हैस घेऊनच दवाखान्याच्या दारात हजर! डॉक्टर म्हणाले, "शेठजी, म्हशी सगळ्या चांगल्या होत्या. आता पिणारा बदला." दूध सोडून ताकावर आल्यावर शेठजी सुधारले. पण दूध चालत नाही तर ताक कसं चालतं, यावर ते डॉक्टरांशी भांडतच राहिले.

खुद्द डॉक्टरांना वांगं चालत नसे. एक फोड पोटात गेली की ओठ सुजायचे. राणीसावरगावला रोगी बघायला गेलो, तर पाटलांनी भरल्या वांग्याचा आग्रह धरला. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. पाटलांनी शांतपणे ऐकलं आणि वाढायला वाटी उचलली. मी हळूच म्हणालो, "साहेबांचा चातुर्मास हाय." पाटलांचा हात जागीच थांबला. तेव्हापासून आमच्या डॉक्टरांचा चातुर्मास बारा महिने चालायचा, आणि भर उन्हाळ्यात लोक त्यांच्या पाया पडायचे.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा गयाबाईंचा. त्या नव्या सुनेला घेऊन आल्या. पोरगी गुणी, पण दर एकादशीला तिच्या अंगावर गांधी उठायच्या, श्वास कोंडायचा. देवाला हिचा उपास रुजू होत नाही, असं बायका बोलू लागल्या. म्हणून गयाबाईंनी तिला सोमवार आणि चतुर्थीही धरायला लावली. त्रास वाढला. आता तिला कायमची माहेरी धाडावी, असं घरात चाललं होतं. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी विचारलं, उपासाला काय खाता? भगर आणि शेंगदाण्याची आमटी. माहेरी तिचा उपास रताळ्यावर व्हायचा, दाणे पोटात गेले ते सासरीच.

"मावशी, दाणे तिच्या जिवावर बेततील," डॉक्टर म्हणाले. "आणि अंगात ताकद येईपर्यंत उपासही नको. भाकरी खाऊ द्या."

"एकादशीला भाकर? मग देवाला काय सांगू मी?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून माझ्याकडे सरकवली.

पुढच्या एकादशीला आम्ही मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. सून चुलीपाशी निवांत भाकरी खात होती. ओसरीवर गयाबाईंपुढे दोन ताटं. दोन्हीत भगर, दोन्हींवर दाण्याची आमटी. एक संपवून त्यांनी दुसरं पुढे ओढलं.

"मावशी, हे दुसरं कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा उपास झाला," गयाबाई म्हणाल्या. "आता सुनंचा करायलेय."