दोन इंच खाली, दहा कॅन पाणी

मागची डावी स्प्रिंग काढून मी फरशीवर ठेवली आणि गणेशला शेवटचं विचारलं, "शॉकअप जुनेच ठेवायचे, पक्कं?"

"पक्कं, काका. गाडी दीड वर्षाची हाय. शॉकअपला काय झालंय?"

"झालेलं काहीच नाही. व्हायचं बाकी आहे."

तो हसला. पंचविशीतला पोरगा, करमाडचा, शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टला. घरची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्यात पत्र्याचं घर स्लॅबचं झालं आणि दारात पांढरी हॅचबॅक आली. आता ती हॅचबॅक त्याला दोन इंच खाली बसवायची होती. कंपनीतल्या दोस्ताची बसवलेली होती, म्हणून याचीही बसली पाहिजे. स्प्रिंगांचा सेट त्याने ऑनलाइन मागवून आणलेला, लालभडक. फोनवर एक व्हिडिओ लावून तो मला माझंच काम दाखवत होता.

जालना रोडला, चिकलठाण्याजवळ माझं गॅरेज. मी फक्त सस्पेन्शन करतो. इंजिनातलं मला विचारू नका, बायकोची स्कूटीसुद्धा मी दुसऱ्याकडे टाकतो. त्या वर्षांत शहर जालना रोडने पुढे पुढे सरकत चाललं होतं. ज्या माळावर कुत्रं फिरकत नव्हतं तिथे कमानी उभ्या राहिल्या. कमानीवर हिरवाईचं काहीतरी नाव आणि आत औषधाला झाड नाही. पावसाने मात्र लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. गाड्या वाढल्या आणि धुवायला पाणी नाही, त्यामुळे त्या उन्हाळ्यात शहरातल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

आता ज्यांना गाडीत फक्त बसता येतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग मुळात अवखळ. एकदा दाबली की उड्या मारत राहते. तिला आवरायला शेजारी शॉकअप असतो. तेलाने भरलेली नळी, आत खालीवर होणारा दांडा. कंपनी दोघांची जोडी जमवूनच देते. गाडी खाली बसवायची तर आखूड आणि कडक स्प्रिंग घालतात. मग जुन्या शॉकअपचे दोन घोटाळे होतात. एक, दांडा आधीच दोन इंच आत जाऊन बसतो, त्याला पुढे दबायला जागा उरत नाही. दोन, मवाळ स्प्रिंग आवरायची सवय असलेल्याच्या पदरात कडक स्प्रिंग पडते. अशी जोडी लगेच मोडत नाही. सपाट रस्त्याने, रिकाम्या गाडीत, बरेच दिवस गुण्यागोविंदाने नांदते. म्हणून तर व्हिडिओवाले खोटे ठरत नाहीत.

असं काम आलं की मी तीन प्रश्न विचारतो. रोज कुठून कुठे? रस्ता कसा? गाडीत माणसं किती?

"घर ते कंपनी," गणेश म्हणाला. "रस्ता एक नंबर. आन मी एकटाच."

"आई-वडील?"

"आबा गाडीत बसत नाय. त्याह्यला मळमळतं."

मग मी उरलेलं काम केलं. शॉकअपच्या दांड्यावर एक रबर असतं, बंप स्टॉपर म्हणतात त्याला. दांडा पार आत गेला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ते असतं. गाडी खाली बसवताना ते थोडं कापावं लागतं. मागचे शॉकअप काढायला डिकी उघडली. डिकीत पाइपचा एक हातभर तुकडा आणि लाल प्लॅस्टिकचं नरसाळं होतं. मी ते उचलून बाकावर ठेवलं आणि काम झाल्यावर आठवणीने परत जागेवर ठेवलं.

शेजारी सलीमभाईंचं अलाइनमेंटचं मशीन. गाडी खाली बसली की चाकांचे कोन बदलतात, ते त्यांनी जुळवून दिले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मिस्त्री, इसको अब खड्डा नको दिखाओ."

गणेशने उकिडवं बसून फोटो काढले, मग पालथं पडून काढले. जुन्या स्प्रिंगा बरोबर घेऊन खूश होऊन गेला. मीही खूश होतो. काम साफ झालं होतं आणि खरं बोलून झालं होतं. आपलं काही चुकलेलं नाही, असं मला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली ती आवाज करतच. दर खड्ड्याला मागून ठण्ण. मागचे टायर वरच्या प्लॅस्टिकला घासून त्याच्या चिंध्या झालेल्या. सायलेन्सरला पोचा. गणेशबरोबर या वेळी एक म्हातारा उतरला. डोक्याला लाल पटका, अंगात बंडी, चेहरा मळमळल्यासारखा. हे गणेशचे वडील, कोंडिबा आबा.

मी खाली वाकून बघितलं. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले. आतलं सील फुटलं होतं, म्हणजे शॉकअप मेले होते. तीन आठवड्यांत शॉकअप मरत नाही, त्याला मारावं लागतं.

"काय केलंस रे? रेस लावली का?"

"नाय काका. घर ते कंपनी."

मी डिकी उघडली. मागचं सीट पाडलेलं आणि पार पुढपर्यंत पांढरे कॅन रचलेले. वीस-वीस लिटरचे, दहा. सगळे भरलेले.

"हे काय आहे?"

"पाणी," गणेश म्हणाला, जणू मी सूर्याकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारलं होतं.

दहा कॅन म्हणजे दोनशे किलो. दोन धट्टीकट्टी माणसं आणि वर एक शाळकरी पोर, तेही सगळं मागच्या चाकांवर. सकाळी शिफ्टच्या आधी एक खेप, शिफ्ट सुटल्यावर दुसरी. करमाडच्या एका ओळखीच्या बोअरवरून भरायचं आणि चार किलोमीटर मातीच्या गाडरस्त्याने आबांच्या वाड्यावर न्यायचं. वाडा म्हणजे मेंढ्यांचा तळ. आबांची पन्नासेक मेंढरं होती आणि आसपासची तळी कोरडी पडलेली. आज कॅन भरून झाल्यावर आवाज फारच वाढला, म्हणून ते तसेच माझ्याकडे आले होते.

"मी विचारलं होतं ना गाडीत कोण असतं म्हणून?"

"तुमी माणसं विचारली, काका. माणूस मी एकटाच असतो."

पाइप आणि नरसाळं मी माझ्या हातांनी उचलून ठेवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात कुणाच्या डिकीत पाइप नव्हता? माझ्याही होता. बायको बाहेर निघताना आधी रिकामा कॅन हातात द्यायची, मग पिशवी. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू मला पुरावा वाटलीच नाही. मला लाज वाटली, ती मी थोडं ओरडून लपवली.

"अरे, पण रोज पाणी नेतोस हे सांगायचंस तरी."

"त्यात सांगायचं काय? समदेच नेतेत."

आबा पुढे झाले. ते गाडीच्या मागे गेले, डिकीच्या कडेवर दोन्ही पंजे ठेवले आणि दाब देऊन सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर. चार वेळा. सस्पेन्शन तपासायची ही पहिली रीत आहे. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते. मला ही रीत शिकायला उस्तादाच्या हाताखाली एक वर्ष गेलं होतं.

"हे कुठं शिकलात, आबा?"

"मेंढरू घेताना पाठीवर हात दाबून बगायचं असतं. पाठीनं परत जोर दिला तर घ्यायचं. ह्याच्या पाठीत कायबी राह्यलं नाय." मग मुलाकडे वळून म्हणाले, "खाली कामून बसवली रं?"

"लूक येतो, आबा."

"कुनाला?"

सलीमभाई मशीनमागे तोंड लपवून हसत होते.

मागचे शॉकअप त्या गाडीचे शहरात मिळेनात. पुण्याहून मागवले, परवा येणार होते. मी म्हणालो, दोन दिवस गाडी इथेच राहील. गणेशचा चेहरा पडला. त्याने मला बाजूला घेतलं.

"काका, गाडी नाय तर पाणी नाय. टँकर येतो तो माणसांचा. आन एक व्यापारी रोज वाड्यावर चकरा मारतोय. आबा मनलेत, दोन दिवस पाणी चुकलं की देऊन टाकतो समदी."

"मग देऊ दे की. तुझी नोकरी आहे, घर झालंय."

"मीबी तेच मनायचो. पर जमीन गेली तव्हा आबा सहा महिने वसरीवर नुसते बसून होते. कुणाशी बोलत नव्हते. मेंढरं होती मनून उठले. आता ती गेली तर कामून उठतील?"

सरळ सांगतो, मी त्याच्या गाडीची पाठ मोडली होती आणि त्या पाठीवर हे सगळं लादलेलं होतं. म्हणायला चूक त्याची होती. पण पाना माझ्या हातात होता.

मी गॅरेजची जुनी व्हॅन काढली. तिला कुठलाही लूक नाही, पण मागे ओझं पेलणाऱ्या पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. दहा कॅन तिच्यात चढवले आणि आबांना पुढे बसवलं. करमाडपर्यंत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. मातीचा रस्ता सुरू झाल्यावर मात्र एकदम बरे झाले. तो रस्ता मी पाहिला आणि तीन आठवडे शॉकअप कसे टिकले याचंच नवल वाटलं.

वाड्यावर पोचलो तशी मेंढरं व्हॅनभोवती गोळा झाली. मी कॅन उतरवत होतो आणि ती माझ्या पायांत शिरत होती. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत आबा कॅन ओतत राहिले. मग म्हणाले, "मिस्तरी, बसा. आपलंबी पानी घ्या." ते माठाकडे गेले. माठ कशावर ठेवला होता? माझ्या ओळखीच्या काळ्या स्प्रिंगवर. गणेशच्या गाडीची मूळची, मागची. दुसरी जमिनीत अर्धी गाडून तिला कुत्र्याची साखळी बांधली होती. पुढच्या दोन घरी खाटेखाली आहेत, असं आबांनी सांगितलं.

"आबा, या मला लागतील. गाडीत परत घालायच्या आहेत."

"न्या की. पर माठ कशावर ठिवू?"

"दुसऱ्या देतो. लाल आहेत."

दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी नेलं. तिथे तो व्यापारीही भेटला. मोटरसायकलला टेकून उभा राहायचा आणि माझ्या व्हॅनकडे अशा नजरेने बघायचा की जणू मीच त्याची मेंढरं पळवतोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आबांना विचारलं, "मग काय ठरलं?" आबा हातातला कॅन रिकामा करत म्हणाले, "पानी आलंय ना." तो मोटरसायकल मारून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी शॉकअप आले. शॉकअप माझ्याकडून, असं मी गणेशला सांगितलं आणि त्यानेही फार आग्रह केला नाही. जुन्या चारही स्प्रिंगा घासून पुसून परत बसवल्या, मागे नवे शॉकअप, चारी दांड्यांवर न कापलेले बंप स्टॉपर. सलीमभाईंनी अलाइनमेंट पुन्हा केलं. गाडी होती तशी उंच झाली. गणेश तिच्याकडे बघत होता तो लग्न मोडल्यासारखा.

"लई उंच दिसती, काका."

"उंच नाही. जेवढी होती तेवढी."

लाल स्प्रिंगा द्यायला आणि गाडी भरलेली कशी चालते ते बघायला मी त्याच्याबरोबर गेलो. बोअरवर दहा कॅन भरले, डिकीत रचले आणि मी मागे जाऊन उभा राहिलो. टायर आणि वरची कड यांच्यात बोट घालून मोजलं. गाडी मागून बरोबर दोन इंच खाली बसली होती.

"घे," मी म्हणालो. "तुझा लूक."

गणेशने वाकून पाहिलं. "मागूनच बसली. पुढून कुठं बसली?"

आबा या खेपेलाही बरोबर होते. पुढचं दार उघडून आत बसत ते म्हणाले, "पुढं मी बसतो."

गणेशने फोटो काढला. त्यात गाडी मागून दबलेली आहे, नाक वर आहे आणि काचेतून आबांचा पटका दिसतो आहे. लाल स्प्रिंगवर माठ ठेवल्यावर आबा म्हणाले, बुटकी हाय, पर हालत नाय. त्या स्प्रिंगांबद्दल मी ऐकलेलं हे एकमेव चांगलं मत. पाऊस पडेपर्यंत गणेशच्या खेपा चालल्या आणि मेंढरं वाड्यावरच राहिली.

तेव्हापासून माझे प्रश्न तिनाचे चार झालेत. चौथा असा, की डिकीत काय असतं? सगळे एकच उत्तर देतात, "काही नाही." मी मान डोलावतो आणि डिकी स्वतः उघडून बघतो.