सुनेचे नाक कोणाच्या मालकीचे?

गणेशचवथीच्या आधीचे दिवस: ताप अंगावर काढला. जबाबदार, माझे व्याही. देवदिवाळी: साऱ्या गावाने बिघडलेली वाइन चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता प्राशन केली. जबाबदार, सारा गाव, आणि गावाबरोबर हात पुढे करणारा मी. शिमगा: सरला, पाडवाही येऊन गेला, तरी यंदाची काजूबोंडे अंगणात कुजत पडली आहेत आणि पिंपे पालथी आहेत. जबाबदार, पुन्हा माझे व्याही. एवढी नोंद आरंभीच करून ठेवतो, कारण पुढे माझ्या लेखणीला त्यांच्याविषयीची माया फुटेल आणि मूळ तक्रार बाजूला राहील, अशी मला रास्त भीती वाटते.

माझ्या व्याह्यांइतका हट्टी मनुष्य उभ्या पेडणे महालात जन्मला नाही आणि आमच्या डिचोलीत जन्मला असता तर मी त्याला तडीपार करवले असते. घरामागच्या चिऱ्यांच्या कोठीत ते फळांची वाइन करतात. वडील करीत, म्हणून ते करतात. ही फेणी नव्हे. फेणी भट्टीवर ऊर्ध्वपातनाने होते. ही पिंपात आपल्या मर्जीने मुरते. हा भेद न कळणाऱ्या माणसाला ते अंगणातूनच परत पाठवतात. हरमलच्या किनाऱ्यावरून स्कूटरवर आलेल्या एका पाहुण्याने एकदा नुसती ‘रेड’ मागितली. व्याह्यांनी त्याला बाकावर बसवले, पाणी दिले आणि गंभीरपणे विचारले, “खंयच्या गांवची?” कारण त्यांच्या कोठीत रंगाला स्थान नाही, गावाला आहे. मयेचे काजू वेगळे, पार्सेचे जांभूळ वेगळे, कोरगावचे जांभूळ त्याहून वेगळे. एका गावचा रस दुसऱ्या गावच्या पिंपात गेला तर तो त्यांच्या दृष्टीने दखलपात्र गुन्हा. पाहुणा तहान भागवून, वाइन न घेता गेला. “गांव ठावका ना, आनी पिवपाक आयलो!” व्याही त्याच्या पाठीमागे पुटपुटले.

या गावभेदाला मी प्रथम थोतांड समजत असे. मी जन्मभर न्यायालयात साक्षी तपासल्या आहेत. पुराव्यावाचून मी माझ्या सख्ख्या भावावरही विश्वास ठेवलेला नाही. एकदा सावंतवाडीकडच्या एका टेम्पोवाल्याने पार्से आणि कोरगाव या दोन्ही गावांची जांभळे एकाच ताडपत्रीवर ओतली. व्याही ओसरीवर मांडी घालून बसले आणि एकेक जांभूळ नाकाशी नेऊन दोन टोपल्यांत वेगळे करू लागले. मी त्यांचे डोळे पंचाने बांधले, ओळखीच्या झाडांची जांभळे गुपचूप त्यांच्या हातात दिली, मधेच बाजारचे एक घुसडले. त्यांनी ते हुंगले, माझ्या दिशेने फेकले आणि म्हणाले, “व्याहीबाब, हें म्हापशेच्या बाजारांतलें. आनी तुमी आज सकाळीं सुको बांगडो खाल्लो.” दोन्ही विधाने सत्य होती. त्या दिवसापासून मी त्यांच्या नाकाला तज्ज्ञाच्या साक्षीचा दर्जा दिला.

आमचे संबंध मुळात वादातून जुळले. राजभाषेचा प्रश्न पेटला होता त्या काळात मी मराठीसाठी वृत्तपत्रांना पत्रे लिहीत होतो आणि हे गृहस्थ कोंकणीसाठी सभांतून ओरडत होते. आमचे वेगळे राज्य झाले आणि त्याच सुमारास माझ्या मुलाने त्यांची एकुलती एक मुलगी पसंत केली. लग्नाच्या बोलणीत मानपान पाच मिनिटांत मिटले. बाटलीवरचे लेबल कोणत्या भाषेत असावे यावर मात्र जेवणाची पाने थंड झाली. शेवटी त्यांनी लेबलावर फळाचे चित्र काढून खाली गावाचे नाव घातले. चित्राला राजभाषा नसते, हे त्यांचे म्हणणे मी अजून खोडू शकलेलो नाही.

पिंपांशी त्यांची वागणूक रुग्णालयातल्या परिचारिकेसारखी. थंडीत गोधडी, उन्हाळ्यात ओले गोणपाट. मयेच्या काजूला ते रेडिओवरची नाट्यपदे ऐकवतात, जांभळाला बातम्या. जांभूळ मुळातच तुरट, त्याला दुःखाची सवय हवी, असे त्यांचे मत. मला त्या कोठीत प्रवेशबंदी आहे. “तुमचो आवाज आंबट, व्याहीबाब. पिंपांक बाधता.” मी लेखी कारण मागितले. त्यांनी हसून एक कोप, म्हणजे छोटा पेला, भरून दिला आणि माझे तोंड बंद केले.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. चवथीच्या आधी त्यांना ताप आला. वैद्याकडे न जाता ते गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे आणायला गेले, भिजले आणि आठवडाभर अंथरुणाला खिळले. उठल्यावर एक नवेच खूळ सुरू झाले. पार्सेच्या जांभळाच्या पिंपाचे बूच काढायचे आणि येईल त्याला हुंगायला लावायचे. “सांग, कसलो वास येता?” पोस्टमन म्हणाला, लग्नघराचा. बसचा कंडक्टर म्हणाला, आमच्या मामीच्या कपाटाचा. मी व माझी सून हसलो. म्हातारपणी व्याह्यांनी परीक्षा घेण्याचा धंदा काढला, असे आम्हाला वाटले. स्वयंपाकघरात दूध करपून धूर झाला तरी ते शेजारच्या खोलीत शांतपणे विडा लावीत बसले, तेव्हाही आम्ही हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो.

त्यांच्या घराण्याची रीत अशी की, देवदिवाळीला नवे पिंप फोडायचे ते घराच्या कर्त्या पुरुषाने, आणि पहिला कोप राखणदाराला, म्हणजे गावाची वेस सांभाळणाऱ्या देवचाराला. वडाखाली रोट, विडी आणि कोप ठेवून गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालतो; उरलेली वाइन प्रसाद म्हणून सगळ्यांच्या ओंजळीत पडते. राखणदाराच्या मानाला तोंड वाकडे करायचे नाही, हा अलिखित कायदा. गेल्या देवदिवाळीला गावकर म्हणाला, “बा राखणदारा, ह्या वर्साचो पयलो मान तुज्या पायांकडे ठेयलो हा, तो गोड मानून घे!” “व्हय म्हाराजा!” आम्ही गर्जलो आणि ओंजळी तोंडाला लावल्या.

ते शुद्ध व्हिनेगर होते.

माझ्या टाळूपासून टाचेपर्यंत कळ गेली. पण शेजारचा सुतार देवळातल्या खांबासारखा स्थिर उभा होता. गावकराच्या डोळ्यांतून पाणी आले, ते भक्तीचे धरून त्याने पुसले. कोणीही तोंड वाकडे केले नाही. व्याही समाधानाने मान हलवीत घरी गेले आणि म्हणाले, “औंदाचें जांभूळ बरें साधलां. फाल्यां बाटल्यो भरतलों.”

परतीच्या वाटेवर सून एकाएकी थांबली. “मामंजी, बाबा कोपाकडे पळयनाशिल्ले. आमच्या तोंडांकडे पळयताले.”

पेल्याकडे नव्हे, तोंडांकडे! मग सारे उलगडले. तापाने त्यांचे नाक गेले होते, आणि नाकापाठोपाठ जीभही आंधळी झाली होती. आमच्या चेहऱ्यांवरून ते चव वाचू पाहत होते. आणि आम्ही, कायद्याला जागून, चेहरे कोरे ठेवले होते.

मी तसाच माघारी फिरलो, प्रवेशबंदी मोडून कोठीत शिरलो आणि माझ्या आंबट आवाजात म्हणालो, “व्याहीबुवा, हे जांभूळ नव्हे, शिर्का आहे. बाटल्या भरू नका.” ते पिंपावरची गोधडी नीट करीत राहिले. मग म्हणाले, “म्हाका भंय आशिल्लोच.”

“मग मुलीला का विचारले नाही? नाक तिचे तुमच्याच वळणाचे. लहानपणी तुमच्याबरोबर टोपल्या तीच निवडीत असे.”

“ती तुमगेर दिली, व्याहीबाब. आतां तिचें नाक सुद्दां तुमचें. तें हांव कशें मागूं?”

कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सुनेचे नाक माझ्या मालकीचे ठरते, हे मी त्यांना तिथल्या तिथे विचारले. त्यानंतर मी तीन वेळा लेखी विचारले. त्यांनी प्रत्येक वेळी उत्तरादाखल एक पपई पाठवली.

सून स्वतः गेली, तर तिला चहा पाजून, माहेरवाशिणीने काम करायचे नसते, असे सांगून परत पाठवले. आज त्यांच्या अंगणात मयेची बोंडे येऊन पडली आहेत. वास सगळ्या वाड्याला येतो. एकट्या त्यांना येत नाही. परवा मी गेलो तेव्हा ते एक बोंड नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते. माझी चाहूल लागताच ते त्यांनी घाईने दातांनी तोडले, जणू केवळ खाण्यासाठीच उचलले होते. कोठीत रेडिओ बंद होता. मी दारात उभा असूनही त्यांनी मला बाहेर जायला सांगितले नाही. गेली इतकी वर्षे मी त्या बंदीविरुद्ध झगडलो. ती अशी उठेल, हे मला नको होते.

म्हणून हे उघडपणे लिहितो आहे. व्याहीबुवांनी खाजगीत पपया पाठवू नयेत. करवंदे संपण्याच्या आत, वडाखाली, गावकराच्या आणि साऱ्या गावाच्या समक्ष त्यांनी जाहीर उत्तर द्यावे: यंदापासून त्या घराचे पिंप त्यांची मुलगी फोडणार की नाही? तिच्या नाकावरील माझा हक्क, असलाच तर, मी याद्वारे सोडत आहे. गाऱ्हाणे गावकराने घालावे. राखणदार मान्य करील, अशी माझी खात्री आहे. देवदिवाळीला शिर्का पिऊनही तो अजून रागावलेला नाही.

आणि “व्हय म्हाराजा” म्हणायला सर्वांच्या पुढे मी उभा राहीन. आवाज आंबट आहे. पण त्या दिवशी पिंपांनी तेवढा सोसावा.