भिंतीवरची मनुबाई

साताऱ्याच्या आकारामांना १९७३ साली सांगलीच्या नव्या सभागृहात रंगीत काचतुकड्यांचं भित्तिचित्र करायचं काम मिळालं. चित्रातल्या जवानाच्या बायकोसाठी त्यांनी शेजारच्या मनुबाईला समोर बसवलं. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला होता, आणि ती रोज ठसठशीत कुंकू लावून त्याची वाट बघायची. सभागृहाच्या समितीला मात्र शहीद जवानाची विधवा, वीरपत्नी हवी होती. आकारामांनी मान डोलावली आणि चित्रातलं कपाळ मोकळं ठेवलं.

उद्घाटनाला मनुबाई हौसेनं आली. भिंतीपुढं उभी राहिली, तसा तिचा हात कपाळाकडं गेला.

"आवं दादा, त्यांची खबर आली काय? मला कुनीच कसं सांगितलं न्हाई?"

"न्हाई गं बाई, काय बी खबर न्हाई."

"मग तुमी कसं पुसलं?"

आकारामांना तिच्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता त्यांनी छिन्नीनं कपाळावरची काच काढली आणि तिथं लाल काच बसवली. साताऱ्याला परतल्यावर ते थेट मनुबाईच्या दारात गेले.

"मनुबाई, लावलं बघ कुंकू. एकदा येऊन बघ."

"तुमच्या हातचं नगं मला," असं म्हणून तिनं दार लोटून घेतलं.