हक्काची सही

सकाळपासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. मूलभूत हक्क गावोगावी समजावून सांगायच्या आमच्या कामाला पहिल्या वर्षी निधी मिळाला होता. दुसऱ्या वर्षी द्यायचा की नाही, हे ठरवायला निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई पुण्याहून आल्या होत्या. मी अमरावतीला वकिली करते. कोर्टात कधी घाम फुटला नाही, पण तिवशापलीकडच्या त्या गावात बायका जमेपर्यंत मी समाजमंदिराच्या दारात सारखी ये-जा करत होते.

जमल्या एकदाच्या. मी म्हटलं, "आज आपण हक्कांबद्दल बोलू," आणि त्याच दमात हजेरीचा कागद पुढे सरकवला, "त्याआधी सगळ्यांनी सही करा."

 सतरंजीवरून एक उठली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळ्या चपला शोधू लागल्या.

"अवं, काहून चालल्या?" मी विचारलं.

"आमी सही नाई देत," दाराशी पोचलेली म्हातारी म्हणाली. "हक्काची सही एकडाव देल्ली, मंग माहेरच सुटलं."

मला माझ्याच अकलेची चीड आली. इकडे हक्क आणि सही हे शब्द जोडीनं आले की अर्थ एकच, हक्कसोड. बाप गेला की भाऊ बहिणीला न्यायला येतो. कचेरीत तिची सही होते, बापाच्या वावरातला, शेतातला तिचा वाटा भावाचा होतो आणि ती नवी साडी घेऊन सासरी परतते. संविधान तोंडपाठ असलेली मी नेमकं हेच विसरले होते!

"बसा वं माय, कोनी सही मांगत नाई," म्हणत मी कागद पिशवीत कोंबला. पुण्याच्या बाई कुजबुजल्या, "सह्यांशिवाय पुढचा निधी नाही मिळत हं." जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

बायका बसल्या. मांडीवर लेकरू घेतलेली एक तरुण सून हळूच बोलली. तिचं माहेर बाळापूरकडचं.

"म्याडम, माहा भाऊ सोमवारी मले कचेरीत नेऊन राहिला. सही नाई देल्ली तं पोलीस येतात म्हनते."

"कोनी पोलीस येत नाई," मी तडकून म्हणाले. कायद्यापुढे बाई आणि पुरुष सारखे, वावरात भावाइतकाच तुझा वाटा, आणि तो सोडायचा की नाही हे तूच ठरवायचं. मनात नसेल तर सरळ नाही म्हणायचं, समोर कोणीही असो. मग मात्र प्रश्नांचा असा भडिमार झाला, की पुण्याच्या बाईंना मी साफ विसरले.

शेवटी त्याच म्हणाल्या, "सुंदर झालं. आता तेवढ्या सह्या घेऊन टाका."

मी कागद काढला. ही नुसती हजेरी आहे, वावराशी संबंध नाही, पण सह्या नसल्या तर पुढच्या वर्षी आम्हाला येता येणार नाही, असं खरं तेच सांगितलं. पेन त्या सुनेपुढे धरला. तिनं कागद उलटून पाहिला.

"नाई म्हनलं तं चालते ना, म्याडम?"

"चालते," मी म्हटलं.

"मंग नाई." तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "सोमवारी भावाले नाई म्हनाचं हाये. आंदी तुमाले म्हनून पाह्यलं."

मला रडू फुटलं. बाकीच्यांपुढे मी पेन धरलाच नाही; कागद कोराच पुण्याला गेला.