सोडून काय?

उजव्या हाताचं बोट वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत प्रश्न: "ते ठीक. सोडून काय?"

आमच्या बावधनच्या सोसायटीत हे बोट पाहिलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बिल्डर म्हणाला, चोवीस तास पाणी. बोट वर. बिल्डर चाचरत म्हणाला, "उन्हाळा सोडून." लिफ्टवाला म्हणाला, आमची लिफ्ट कधी अडकत नाही. बोट वर. तर वीज जाते तेव्हा सोडून. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. तो बहुतेक वेळा बरोबर असतो आणि त्यामुळे जास्तच डोक्यात जातो.

हे बोट काकांचं. मूळचे परभणीकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे. मी हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत, म्हणजे बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचायला माझा जन्म झालाय असा त्यांचा समज. शनिवारी सकाळी बेल वाजली की बायको आतूनच सांगायची, "तुमचं बोट आलंय."

प्रकरण गाडीचं होतं. काकांनी उतारवयात ड्रायव्हिंग शिकून छोटी गाडी घेतली होती. तिची वॉरंटी संपत आलेली, आणि पुढची वाढीव वॉरंटी कुणाकडून घ्यायची हे काही केल्या ठरत नव्हतं. ते ठरेपर्यंत ताम्हिणी घाट उतरायचा नाही, असा काकांचा हुकूम. घाटाखाली माणगावला त्यांची मुलगी दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि काकूंना वेळेवर तिच्याजवळ पोचायचं होतं. डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते.

"मग आत्ताच जा ना, वॉरंटी आहे तोवर," मी म्हणालो.

"आत्ता जाऊन काय करायचं? तारीख पुढच्या महिन्यात आहे."

"मग काकूंना एसटीने पाठवा."

"दारात गाडी असताना एसटीने?"

आम्ही शोरूमला निघालो.

शोरूममधल्या टायवाल्या पोराने घडाघडा सांगितलं, "इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळं कव्हर आहे सर." बोट वर. "क्लच, ब्रेक, बॅटरी, रबरी भाग, आणि उंदराने वायर खाल्ली तर ते सोडून." काका माझ्याकडे वळले. "ऐकलंत ना इंजिनियर? बिघडतं ते सोडून सगळं."

दुसरी कंपनी स्वस्त, पण तिच्यात बिल आधी आपण भरायचं आणि मग पैसे परत यायची वाट बघायची. तिसरीचं ऑफिस एका खोलीचं. तिथे काकांनी विचारलं, "गाडीचं राहू द्या. तुमची कंपनीच बंद पडली तर?" तो माणूस हसला. काका हसले नाहीत, उठलेच.

मग काकांना वाटलं, विकणाऱ्यांना विचारून उपयोग नाही, दुरुस्त करणाऱ्याला विचारावं. म्हणून पिरंगुटचं गॅरेज. एकदा नाही, चार शनिवार. माझे शनिवार. चौथ्या वेळी मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "काका, कागद समद्यांचंच चांगलं हायेत. गाडी खोलून ठिवल्यावर कंपनीचा मानूस बघाया कवा येतो, त्यो बिल पास करतो का न्हाई, त्येवढं इचारा. आन कवातरी गाडी दुरुस्तीला बी आना की. नुसतंच इचारून जाताय."

अखेर शोरूमचीच वॉरंटी बरी असं ठरलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही चेक घेऊन गेलो. त्या टायवाल्या पोराने गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक चाळलं आणि मागे-पुढे पानं उलटत राहिला.

"सर, दोन सर्व्हिसिंग झालेलीच नाहीत."

"गाडी तेवढी चाललीच नाही. उगाच तेल कशाला बदलायचं?"

"किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलंय सर. ही स्कीम सगळ्या गाड्यांना आहे." तो जरा अडखळला. "तुमची सोडून."

बाकीच्या दोन्ही कंपन्यांनाही पुस्तकात सर्व्हिसिंगचे तेच शिक्के हवे होते. तीन कंपन्यांच्या अटी पाठ असलेल्या माणसाने आपल्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक कधी वाचलं नव्हतं. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळीच माणगावहून फोन आला. तारखेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मी खाली आलो तेव्हा काकू लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या आणि काका बाहेर उभे राहून टायर बघत होते.

"अगं, पण आता वॉरंटी..."

"तुम्ही येताय, की ह्यांना घेऊन जाऊ?" काकूंनी माझ्याकडे हात केला.

काका मुकाट्याने बसले. फाटकापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये गेले.

दुपारी त्यांचा फोन. "नात झाली. दोघी ठणठणीत. आणि गाडीत कुठे म्हणून कुरकुर नाही."

इतक्या शनिवारांचा सूड घ्यायची संधी मी कशी सोडणार? "सोडून काय?"

"तुमच्या काकू सोडून. पौडपासून थेट माणगावपर्यंत."

पुढे दर महिन्याला दोघं घाट उतरायची. वॉरंटीचं नाव काकांनी पुन्हा काढलं नाही. बोट मात्र होतं तसंच राहिलं आणि माझा वैतागही. मग एका हिवाळ्यात काकू थोड्याशा दुखण्याने गेल्या.

मुलीने काकांना कायमचं माणगावला बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी मी सामान उतरवायला गेलो. दोन बॅगा, देवघर, काकूंची शेगडी. डिकी लावली आणि सवयीने विचारून बसलो, "काका, सगळं घेतलंत ना?" तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

गाडीत बसलेल्या काकांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. लाडवांचा तो डबा तिथे ठेवलेला होता.

त्या एका शब्दाने मला इतकी वर्षं वात आणला होता. त्या सकाळी मात्र फार वाटलं, म्हणा काका, आज तरी म्हणा.

"हो," ते म्हणाले. "सगळं."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.