हजारातून तीनशे अठ्ठ्याण्णव

"मॅडम, पोरायच्या वह्या कुठं आहेत?"

"दप्तरात."

"गणिताचा तास आहे ना?"

"म्हणूनच दप्तरात आहेत, साहेब."

तालुक्याहून शाळा तपासायला आलेले विस्तार अधिकारी दारात उभे होते. समोर माझी चौथीची एकोणीस पोरं सतरंजीवर बसलेली, प्रत्येकाची मूठ छातीशी. फळ्यावर एकच वजाबाकी: १००० − ३९८. तोंडी करायची. उत्तर सापडलं की ओरडायचं नाही, नुसता अंगठा वर करायचा. म्हणजे सावकाश विचार करणाऱ्यालाही वेळ मिळतो. मग एकेकानं उत्तर कसं काढलं ते सांगायचं. चूक की बरोबर हे शेवटी, आणि तेही पोरांनीच ठरवायचं. हे सगळं मी वाशीमला एका प्रशिक्षणात शिकले. त्याचं उद्घाटन याच साहेबांनी केलं होतं. नारळ फोडून ते लगेच निघून गेले होते.

कोमलचा अंगठा वर होता. तिच्या घरचा रिठदच्या रस्त्याला भाजीचा मळा आहे. तीन वर्षं "चूक, बस खाली" ऐकून ऐकून ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. चौथीतला हा तिचा पहिला अंगठा. साहेबांना तसंच उभं ठेवून मी तिला विचारलं.

"सांग कोमल."

"सहाशे दोन."

"चूक!" साहेब दारातूनच म्हणाले. "सहाशे बारा."

कोमलची मूठ खाली गेली. मला असा राग आला की विचारू नका. आता ही गप्प बसली तर पुन्हा बोलायची नाही, हे मला दिसत होतं.

"साहेब, या वर्गात आधी चूक म्हणत नाहीत. कसं काढलं ते विचारतात."

"मले नियम सांगून राह्यल्या का?"

"वर्गात येणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. बोल कोमल, कसं काढलं?"

ती उठली. आवाज बारीक होता.

"हजारातून चारशे नेले. सहाशे राह्यले. पण दोन जास्तीचे नेले ना, मंग ते वापस ठेवले." ती थांबली. मग नियमाप्रमाणे वेगळं उत्तर देणाऱ्याकडे वळली. "सर, तुमी कसं काडलं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तरातरा फळ्याशी आले आणि उभी मांडणी करून हातचे घेऊ लागले. दशकाच्या घरात खडू अडला. तिथल्या दहातला एक एककाला देऊन झाला होता, उरले होते नऊ. साहेबांनी मघाशी दहाच धरले होते. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं.

"सहाशे दोन," ते हळूच म्हणाले.

एकही पोर हसलं नाही. तोही आमचा नियम आहे.

जाताना त्यांनी एकही वही न उघडता शेरेबुकात लिहिलं, 'वह्या अपूर्ण. गणिताच्या तासाला चर्चा चालते. लेखी खुलासा द्यावा.' मी त्याच दिवशी दिला: 'चर्चा चालते हे खरे आहे. ती उद्याही चालेल.' त्यावर आजवर उत्तर आलेलं नाही, आणि आमची रोजची दहा मिनिटांची तोंडी गणितंही कुणी बंद केलेली नाहीत.

या नोकरीत मी एवढंच शिकले, की चूक म्हणायला काहीच येत नसलं तरी चालतं. कसं काढलं हे विचारायला मात्र ऐकून घ्यावं लागतं.

कोमल आता मलाही सोडत नाही. मी घाईत काही सांगून टाकलं की मागून आवाज येतोच, "मॅडम, तुमी कसं काडलं?"