घरावरचं पाणी

“नर्मदा किनारे की है और तैरना नहीं आता! ऐसा होता है क्या, यार?”

चेंजिंग रूमच्या पातळ पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी केस पुसत होते. इंदूरच्या पूलवरच्या लेडीज बॅचमधल्या दोघी माझ्याचबद्दल बोलत होत्या. बाहेर जाऊन सांगता आलं असतं, की होतं असं. त्या जाईपर्यंत मी आतच थांबले.

घाटावरून धडाधड उड्या मारणाऱ्या माझ्या गावच्या मुलींनो, तुम्हाला यात नवल नाही. तुम्ही गावात होतात, मी इंदूरच्या इंग्लिश मीडियम हॉस्टेलमध्ये. सुट्टीत आले की पायरीवर बसून तुमच्या ओढण्या सांभाळायचे.

मग धरणाचं पाणी चढलं. गाव रिकामं झालं तेव्हा माझी बोर्डाची परीक्षा चालू होती. बाबा फोनवर म्हणाले, “तू पेपर दे. सामान आम्ही काढतो.” शेवटचा पेपर देऊन गेटबाहेर आले, तर ते मला थेट इंदूरमध्येच, खजरान्याजवळच्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेले. माझी गोधडी तिथल्या पलंगावर घडी घालून ठेवलेली होती. तुम्ही सगळ्यांनी घर सोडलंत. माझ्याकडे सोडल्याची आठवणच नाही.

बाबा दरवर्षी नावेतून तिथे जातात. टेकडीवरचं झाड, पलीकडचा टॉवर, असा अंदाज घेत नावाड्याला थांबवतात आणि आपल्या घरावरच्या पाण्यात नारळ सोडतात. यंदा त्यांचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. आई म्हणाली, “एकट्यानं जायचं नाही.” मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “हिला नको. पोहता येत नाही, आणि बघायचंय काय तिथे?”

पुढच्याच आठवड्यात फिटनेसचं कारण सांगून मी पूलला नाव घातलं.

“अरे बेटा, पाइप छोड़! शादी कर ली क्या उससे?” मी पूलच्या कडेचा पाइप सोडत नाही म्हणून कोच मॅडम ओरडतात, बाकीच्या हसतात. त्यांना वाटतं, मला पाण्याची भीती आहे. पण गॉगल लावून तोंड पाण्यात घातलं की तळाच्या फरश्या सांध्यासकट दिसतात, आणि मला आमचं गावचं स्वयंपाकघर आठवतं. तिथे आता गाळ किती असेल? ओट्याजवळचं फडताळ उघडं असेल का? श्वास तिथेच सुटतो आणि मी खोकत उभी राहते.

आज उभी राहिले नाही. रडू आलं, ते पाण्यातच आलं, कुणाला कळलं नाही. वेडेवाकडे हातपाय मारत पाइपापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरी पोचायची घाई झाली होती.

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी फ्लॅटचा पत्ता सांगते. खरं म्हणजे घर आता पाण्यावरची एक जागा आहे आणि ती फक्त बाबांना ओळखता येते. त्यांच्यानंतर मला ती सापडणार नाही.

मी दार उघडलं तेव्हा ते नावाड्याशीच फोनवर बोलत होते. “नहीं भिया, इस बार रहने दो.”

मी म्हणाले, “गाव सोडताना तुम्ही मला बोलावलं नाहीत, बाबा. आता त्यांना सांगा, आपण दोघं येतोय.”